डेस्कटॉप कोणासाठी, पाया कोणाचा? केडीईची पहिली चार वर्षे

मागच्या व्याख्यानात आपण लिनक्सच्या कर्नलपाशी येऊन थांबलो होतो. कर्नल म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. तो नीट चालला की त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला कर्नल दिसत नाही, त्याला स्क्रीन दिसते. आज आपण त्या स्क्रीनवरच्या गोष्टींचा इतिहास पाहणार आहोत, आणि तोही मोजक्या चार वर्षांचा: ऑक्टोबर १९९६ ते ऑक्टोबर २०००. या काळात केडीई हा डेस्कटॉप उभा राहिला, त्यावरून मोठा वाद झाला, आणि त्या वादाने मुक्त सॉफ्टवेअरला काय दिलं, हा आजचा मुख्य मुद्दा आहे.

आधी १९९६ साली परिस्थिती काय होती ते बघू. युनिक्सवर चित्रमय काम चालायचं ते एक्स विंडो सिस्टिमवर. ही प्रणाली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झाली. तिच्या रचनाकारांचं धोरण असं होतं की, खिडक्या काढायची यंत्रणा आम्ही देऊ, त्या कशा दिसाव्यात आणि कशा वागाव्यात हे आम्ही ठरवणार नाही. अभियंत्याच्या नजरेने हे धोरण शहाणपणाचं होतं. पण त्याचा परिणाम असा झाला की प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या तऱ्हेने वागू लागला. एखाद्या प्रोग्रॅमची बटणं अथेना पद्धतीची, दुसऱ्याची मोटिफची, तिसऱ्याची टीके टूलकिटची. अगदी साधा स्क्रोलबार घ्या. अथेनाच्या स्क्रोलबारवर माऊसचं डावं बटण दाबलं की मजकूर पुढे सरकायचा, उजवं दाबलं की मागे, आणि पट्टी ओढायची असेल तर मधलं बटण. शेजारच्याच खिडकीत मोटिफचा प्रोग्रॅम असेल तर तिथले नियम निराळे. रोज वापरणाऱ्याच्या हाताला सवय व्हायची, पण नवख्या माणसाने काय करायचं?

व्यापारी युनिक्स विकणाऱ्या कंपन्यांना ही अडचण कळत नव्हती असं नाही. एचपी, आयबीएम, सन या कंपन्यांनी एकत्र येऊन कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सीडीई, तयार केलं होतं. पण ते मोटिफवर उभं होतं, आणि मोटिफ व सीडीई दोन्ही विकतच्या वस्तू. लिनक्स फुकट मिळत असताना डेस्कटॉपसाठी पैसे मोजायचे, शिवाय त्याचा सोर्स कोड हातात नाही, हे लिनक्सवाल्यांना पटणारं नव्हतं. आणि तिकडे ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बाजारात आलं होतं. 'स्टार्ट' बटण, खाली टास्कबार, सगळ्या प्रोग्रॅम्सची एकसारखी वागणूक, हे लोकांनी पाहिलं होतं. लिनक्सवर एफव्हीडब्ल्यूएम९५ नावाचा विंडो मॅनेजर आला. त्याने दिसणं विंडोजसारखं केलं, पण खिडकीच्या चौकटीच्या आतला गोंधळ तसाच राहिला.

या पार्श्वभूमीवर १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी माथियास एट्रिख याने एका जर्मन यूजनेट वृत्तगटावर नव्या प्रकल्पाची घोषणा केली. नाव ठेवलं 'कूल डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट', आणि 'कूल'चं स्पेलिंग मुद्दाम 'के'ने सुरू होणारं. सीडीईची ती उघड थट्टा होती. पुढे 'कूल' गळून पडलं आणि नुसता 'के' उरला. एट्रिख काही नवखा नव्हता. लिक्स नावाचा, शास्त्रीय लेखन सोपं करणारा दस्तऐवज-प्रोग्रॅम त्याने आधीच सुरू केलेला होता.

त्याच्या घोषणेत एक गोष्ट फार स्पष्ट होती. हा डेस्कटॉप सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरसाठी नाही, असं त्याने सांगून टाकलं. ज्याला पत्र लिहायचं आहे, वेब पाहायचं आहे, थोडे खेळ खेळायचे आहेत, अशा माणसासाठी तो आहे. आज हे वाक्य आपल्याला साधं वाटतं. पण त्या काळी मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे बहुतेक जण स्वतःला हवं ते लिहीत होते. आपल्यासारखा नसलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहायचं, ही वेगळीच भूमिका होती.

आता हे बांधायचं कशावर? इथे आपल्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय येतो. एट्रिखने क्यूटी हे टूलकिट निवडलं. नॉर्वेतल्या ओस्लोच्या ट्रोलटेक या छोट्या कंपनीचं हे उत्पादन. हॉवर्ड नॉर्ड आणि आइरिक चांबे-एंग या दोघांनी १९९४ मध्ये ही कंपनी काढली होती. क्यूटी सी++ मध्ये लिहिलेलं, रचना स्वच्छ, दस्तऐवज चांगले. एका माणसाला थोड्या वेळात नीटनेटका प्रोग्रॅम उभा करता यायचा. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना एक्सवर ते फुकट वापरता येत होतं आणि सोर्सही मिळत होता.

मग अडचण कुठे होती? परवान्यात. क्यूटीचा कोड वाचता येत होता, पण त्यात दुरुस्ती करून ती आवृत्ती इतरांना वाटण्याची मुभा नव्हती. म्हणजे घर आपण बांधलेलं, पण खालची जमीन दुसऱ्याची, असा प्रकार. मालक भला आहे, भाडं घेत नाही, तोवर काही बिघडत नाही. उद्या मालक बदलला, किंवा त्याने धंदाच बंद केला, तर?

सुरुवातीच्या मंडळींना हा प्रश्न माहीत होता, पण त्यांचं म्हणणं असं होतं की आधी काहीतरी चालणारं तर होऊ दे. आणि काम खरोखरच झपाट्याने झालं. खिडक्या सांभाळणारा केडब्ल्यूएम एट्रिखने लिहिला, फाइल मॅनेजर केएफएम टॉर्बेन वाइसने. काले डालहाइमरने जर्मन संगणक मासिक 'त्से-टे'मध्ये या प्रकल्पावर लेख लिहिला, त्यातून नवे लोक येऊन मिळाले. ऑगस्ट १९९७ च्या अखेरीस जर्मनीतल्या आर्न्सबर्ग गावी पंधराएक जण पहिल्यांदा एकत्र जमले. तोवर ई-मेलवरच्या ओळखी होत्या, आता माणसं एकमेकांसमोर बसली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केडीई ई.व्ही. ही नोंदणीकृत संस्था स्थापन झाली. जर्मनीत ई.व्ही. म्हणजे साधारण आपल्याकडच्या नोंदणीकृत मंडळासारखा प्रकार. १२ जुलै १९९८ रोजी केडीई १.० बाहेर पडलं.

पण जमिनीचा प्रश्न तोवर पेटलेला होता. १५ ऑगस्ट १९९७ रोजी मेक्सिकोत मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम या प्रकल्पाची घोषणा केली. हेतू तोच, सामान्य माणसासाठी डेस्कटॉप, पण पायापासून कळसापर्यंत सगळं मुक्त. त्यांनी जीटीके हे टूलकिट घेतलं. त्याचीही गोष्ट मजेची आहे. बर्कलीच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी जिंप हा चित्रसंपादक आधी मोटिफवर लिहिला, मग मोटिफचा कंटाळा येऊन स्वतःचंच टूलकिट लिहिलं. चित्र रंगवायच्या प्रोग्रॅमसाठी केलेलं हे सामान अख्ख्या डेस्कटॉपचा पाया झालं. दुसरीकडे काही जणांनी 'हार्मनी' नावाने क्यूटीची मुक्त प्रतिकृती लिहायला घेतली. हार्मनी पुरी झाली असती तर केडीईतला एकही प्रोग्रॅम न बदलता पाया मुक्त झाला असता.

लिनक्सची वितरणं करणाऱ्यांमध्येही फूट पडली. रेड हॅटने केडीई घेतलं नाही, आणि जानेवारी १९९८ मध्ये ग्नोमला बळ द्यायला स्वतःची प्रयोगशाळा उघडली. उलट जुलै १९९८ मध्ये फ्रान्समधल्या गाएल दुव्हालने रेड हॅट ५.१ घेऊन त्यात केडीई घातलं, आणि त्यातून मॅन्ड्रेक लिनक्स जन्माला आलं. म्हणजे एका परवान्यामुळे एक नवं वितरण तयार झालं. डेबियनने तर ऑक्टोबर १९९८ मध्ये केडीई आपल्या संग्रहातून काढून टाकलं. त्यांचा आक्षेप नेमका होता. केडीईतले प्रोग्रॅम जीपीएल परवान्याखाली होते. जीपीएल म्हणतो की प्रोग्रॅम वाटायचा तर तो जोडलेल्या भागांसकट जीपीएलच्याच अटींवर वाटा. क्यूटीच्या अटी त्याच्याशी जुळत नव्हत्या. केडीईवाल्यांनी स्वतः लिहिलेल्या कोडपुरती त्यांची मूक संमती धरता आली असती, पण दुसऱ्यांच्या जीपीएल प्रोग्रॅम्समधून घेतलेल्या भागांचं काय?

हा वाद पुष्कळदा 'व्यवहारी विरुद्ध तत्त्ववादी' असा सांगितला जातो. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. एट्रिखचं म्हणणं होतं की सामान्य माणसाला वापरता येत नसेल तर ते स्वातंत्र्य मूठभरांचंच राहतं. ग्नोमवाल्यांचं म्हणणं होतं की ज्या स्वातंत्र्याची किल्ली एका कंपनीच्या खिशात आहे, ते सामान्य माणसाला दिलंच कुठे? दोघांच्याही डोळ्यांसमोर तोच माणूस होता. एक बाजू त्याच्या आजचा विचार करत होती, दुसरी त्याच्या उद्याचा.

आता त्या उद्याची तजवीज कशी झाली ते बघा. जून १९९८ मध्ये, म्हणजे १.० यायच्याही आधी, केडीई आणि ट्रोलटेक यांनी मिळून केडीई फ्री क्यूटी फाउंडेशन स्थापन केलं. करार असा होता की ट्रोलटेकने बारा महिन्यांत क्यूटीची मुक्त आवृत्ती काढली नाही, तर फाउंडेशनला क्यूटी बीएसडी पद्धतीच्या परवान्याखाली खुलं करता येईल. त्यात कंपनी विकली जाण्याचा, बुडण्याचाही विचार होता. त्याच नोव्हेंबरात ट्रोलटेकने क्यूपीएल हा नवा परवाना जाहीर केला आणि १९९९ मध्ये क्यूटी २ त्याखाली आलं. क्यूपीएल मुक्त होता, पण जीपीएलशी जुळणारा नव्हता, त्यामुळे डेबियनचा आक्षेप उरलाच. शेवटी सप्टेंबर २००० मध्ये क्यूटीला जीपीएलचाही पर्याय मिळाला. हार्मनीची गरज संपली.

तेव्हाही शेवट गोड झाला असं मात्र नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिलं की ज्यांचा जीपीएल कोड पूर्वी अयोग्य रीतीने वापरला गेला, त्यांच्याकडून केडीईने क्षमा मागून घ्यावी. चार वर्षं राबलेल्या लोकांना हे जिव्हारी लागलं. पण २३ ऑक्टोबर २००० रोजी केडीई २.० आलं, त्यात कॉन्करर हा ब्राउझर आणि त्याचं केएचटीएमएल इंजिन होतं. जानेवारी २००३ मध्ये ॲपलने सफारी जाहीर केला तो याच इंजिनावर. त्यातून वेबकिट, आणि वेबकिटमधून क्रोमचं ब्लिंक. ज्यांनी केडीईचं नावही ऐकलेलं नाही, त्यांच्या मोबाइलमध्ये त्याचा वंशज आहे.

इथे आपल्याशी असलेला एक धागा सांगून ठेवू. मुक्त पाया असल्यामुळे केडीई आणि ग्नोम या दोन्हींचे मेनू स्वयंसेवकांना मराठीत आणता आले. त्यासाठी कुठल्या कंपनीला मराठीची बाजारपेठ किती मोठी आहे हे पटवून द्यावं लागलं नाही.

जाता जाता त्या १९९८ च्या कराराकडे पुन्हा एकदा पाहू. २००८ मध्ये ट्रोलटेक नोकियाने विकत घेतली. नंतर क्यूटी डिजियाकडे गेलं, मग त्यासाठी वेगळी कंपनी झाली. मालक खरोखरच बदलला, एकदा नव्हे, अनेकदा. करार दर वेळी नव्याने लिहिला गेला, पण मोडला नाही. टीकाकारांनी विचारलेला 'उद्या मालक बदलला तर?' हा प्रश्न त्या वेळी अनेकांना अकारण शंका वाटला होता. तो विचारला गेला नसता, तर हा करार करायची घाई कुणाला झाली असती असं आम्हाला वाटत नाही. आणि आधी चालणारं काहीतरी उभं करणारे नसते, तर करार करण्याजोगं काही हातात नसतं.

पुढच्या व्याख्यानात आपण ग्नोमची बाजू घेऊ, मेक्सिकोतून सुरुवात करून. प्रश्न असतील तर आता विचारा.