बिनतारी संवेदक जाळे : ऊर्जाबचतीचे गणित

चेन्नईच्या दक्षिणेस जुन्या महाबलीपुरम मार्गावर वसलेले सिरुसेरी हे ‘सिपकॉट’च्या माहिती तंत्रज्ञान उद्यानासाठी ओळखले जाते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि अभियांत्रिकी महाविद्यालयही येथे आहे. दक्षिणेतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत गेली दोन दशके पीएचडीसाठी वारंवार निवडला जाणारा एक विषय म्हणजे बिनतारी संवेदक जाळ्यांतील ऊर्जाबचत.

शेतात, जंगलात वा डोंगरउतारावर विखुरलेली छोटी उपकरणे तापमान, ओलावा किंवा कंपने मोजतात आणि रेडिओद्वारे केंद्राकडे कळवतात. अशा प्रत्येक उपकरणास ‘नोड’ म्हणतात. नोड बहुधा दोन पेन्सिल सेलवर चालतो आणि दुर्गम जागी सेल बदलणे जवळपास अशक्य असते. मोजणीपेक्षा खरा खर्च रेडिओचा. सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह घेणारा रेडिओ सतत चालू राहिल्यास अडीच हजार मिलिअँपिअर-तासांचे सेल पाच-सहा दिवसांतच संपतात. मग तो संदेश पाठवत असो वा नुसता ऐकत असो. तोच रेडिओ शंभरातील एकच क्षण जागा ठेवला, तर हिशेब वर्षापलीकडे जातो. अंतराचाही भार आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की प्रक्षेपणास चौपट शक्ती लागते.

या प्रश्नावरील सर्वाधिक उल्लेखली जाणारी पद्धत ‘लीच’. अमेरिकेतील एमआयटीच्या वेंडी हाइन्झेलमन, मूळचे चेन्नईचे अनंत चंद्रकासन आणि नागपुरात जन्मलेले, आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी हरी बालकृष्णन यांनी ती जानेवारी २००० मध्ये मांडली. नोडांचे गट पाडायचे आणि दूरच्या केंद्राशी फक्त गटप्रमुखाने बोलायचे. सदस्य आपल्या नेमून दिलेल्या वेळी माहिती देतात, एरवी रेडिओ बंद ठेवतात. प्रमुख ती माहिती एकवटून पुढे पाठवतो. हे काम बॅटरी खाणारे असल्याने प्रमुखपद आळीपाळीने फिरते. शंभर नोडांच्या संगणकीय प्रतिरूपात सुमारे पाच टक्के प्रमुख पुरेसे ठरले आणि पारंपरिक पद्धतींच्या तुलनेत ऊर्जाखर्च आठपटीपर्यंत घटला.

मात्र प्रमुखाची निवड यदृच्छेने होते. त्याच्याकडे किती ऊर्जा उरली आहे, हे मूळ पद्धत पाहत नाही. पुढील असंख्य प्रबंध याच उणिवेवर उभे आहेत. त्यांतील बहुतेक संगणकाच्या पडद्याबाहेर पडले नाहीत, हेही नमूद करावयास हवे.

जमिनीवरचे उदाहरण केरळमधील मुन्नारचे आहे. तेथे अमृता विश्व विद्यापीठाने दरडींचा अंदाज घेण्यासाठी मातीतील पाण्याचा दाब मोजणारे जाळे उभारले. २०१४ मध्ये माळीण आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी गाडली गेलेली पाहिलेल्या महाराष्ट्राला त्याचे महत्त्व सांगावयास नको. दरडीच्या उतारावर नोड जास्त झोपला तर नेमका निर्णायक संदेश हुकतो. सतत जागा राहिला तर पावसाळा संपण्याआधीच बॅटरी संपते. सौर पट्टीलाही पावसाळ्यात ऊन मिळत नाही. त्यामुळे कोरड्या दिवसांत विरळ नोंदी घ्यायच्या आणि पाऊस वाढताच त्या दाट करायच्या, अशी योजना येथे करावी लागते.