एलनचा जमाखर्च

मागच्या आठवड्यात टीममधल्या एका मैत्रिणीने एक छोटीशी इंग्रजी कादंबरी वाचायला दिली. पाचशे वर्षांपूर्वीचा स्कॉटलंडचा राजदरबार, आफ्रिकेतून आलेली एक तरुणी, तिच्यावर भाळलेला गोरा सरदार, बर्फ, किल्ला, मेणबत्त्या आणि शेवटी अर्थातच लग्न. एका बैठकीत संपणारं प्रकरण. दुसऱ्या दिवशी जेवताना मी निकाल देऊन मोकळा झालो, "गोष्ट छान आहे, पण बंडल आहे. त्या काळात स्कॉटलंडमध्ये काळी बाई कुठून येणार? हल्लीच्या वाचकांना बरं वाटावं म्हणून घुसडलेली दिसतेय."

ती एवढंच म्हणाली, "तपासलंस का?"

ती टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे हा प्रश्न तिच्या तोंडी कायमच असतो. मी तपासलं नव्हतं. मग शनिवार-रविवार त्यात गेला आणि सोमवारी मला माफी मागावी लागली. ती का, ते सांगतो.

चौथा जेम्स हा १४८८ ते १५१३ स्कॉटलंडचा राजा होता. हौशी माणूस. तोफा, जहाजं, किमया, दंतवैद्यकी, सगळ्याचा नाद. १५०३ मध्ये त्याचं लग्न इंग्लंडच्या राजकन्येशी, मार्गारेट ट्यूडरशी झालं, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आपलं छोटंसं राज्य युरोपातल्या बड्या दरबारांच्या पंक्तीला बसावं ही त्याची मोठी आकांक्षा. आणि आपल्या सुदैवाने, तो कुठे काय खर्च करतो ते लिहून ठेवणारा खजिनदार त्याच्या पदरी होता.

या खजिनदाराच्या वह्या एकोणिसाव्या शतकात छापायला सुरुवात झाली, पहिला खंड १८७७ चा. वाचायला अगदी रुक्ष. अमक्याला इतके शिलिंग, तमक्याला इतकं कापड. आपल्या सर्व्हरच्या लॉगसारखंच. पण लॉग वाचायची सवय असलेल्या माणसाला ठाऊक असतं की डॉक्युमेंटेशनमध्ये नसलेल्या गोष्टी लॉगमध्ये हमखास सापडतात.

तशा इथेही सापडतात. १५०४ च्या सुमारास 'मूर मुली' दरबारात येतात. मूर म्हणजे तेव्हाच्या बोलीत आफ्रिकन किंवा काळ्या वर्णाचा माणूस. त्यांच्याबरोबर एक पोर्तुगीज घोडा आणि एक जवादी मांजरही आल्याची नोंद आहे. ११ डिसेंबर १५०४ ला यातल्या एकीचा बाप्तिस्मा झाला आणि राजाने तिच्या मेणबत्तीत ठेवायला नऊ शिलिंग दिले. त्याच सुमाराला एक मूर ढोलवादकही दिसतो. राजाबरोबर गावोगाव फिरणारा, बायको आणि मूल असलेला. १५०५ मध्ये त्याने दरबारासाठी बारा नर्तकांचा एक नाच बसवला. पुढे एलन मोर आणि मार्गारेट अशी दोन स्त्रियांची नावं येतात. त्यांना कपडे मिळतात, आणि 'दोन काळ्या बायकांना' नववर्षाची भेट म्हणून दहा फ्रेंच क्राउन.

म्हणजे 'कुठून येणार' या माझ्या प्रश्नाला उत्तर होतं. बहुधा पोर्तुगीज जहाजांवरून. पोर्तुगीज तेव्हा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं उचलून विकत होते. हेच ते पोर्तुगीज, ज्यांनी १५१० मध्ये गोवा घेतला. लीथ बंदराचं बार्टन घराणं त्यांच्या जहाजांवर छापे घालायचं आणि राजाने त्यांना तसा लेखी परवाना दिला होता. या मुली अशाच लुटीतून आल्या असाव्यात असा अभ्यासकांचा कयास आहे. माझी कादंबरी सुरू होते बंदरावरच्या एका नजरानजरेने. जहाजाच्या पोटात काय होतं, त्यावर तिथे एक ओळसुद्धा नाही.

आता खरी गंमत. जून १५०७ मध्ये एडिनबरोला एक भव्य शस्त्रस्पर्धा झाली आणि मे १५०८ मध्ये ती पुन्हा भरवली गेली. नाव होतं 'रानटी योद्धा आणि काळी राणी', म्हणजे मूळ शब्दाप्रमाणे 'काळी लेडी'. आव्हानं पार फ्रान्सपर्यंत धाडली होती. त्या लेडीच्या मानासाठी जो येईल त्याच्याशी रानटी योद्धा लढणार. नंतरच्या बखरकारांनी लिहिलंय की हा योद्धा म्हणजे वेष पालटलेला खुद्द राजा! लेडीला सोनेरी फुलांचा दमास्कचा झगा, त्याला पिवळ्या-हिरव्या तफेत्याची किनार, आणि मिरवायला सजवलेली खुर्ची. १५०८ चा शेवट तीन दिवसांच्या मेजवानीने झाला आणि पिटस्कॉटी नावाच्या बखरकाराच्या म्हणण्याप्रमाणे छतातून एक ढग खाली आला, त्याने काळ्या लेडीला उचललं आणि ती सगळ्यांच्या देखत दिसेनाशी झाली.

कादंबरी लिहायला याहून जास्त काय हवं? मीही खूष झालो. पण त्याच वहीत आणखी एक नोंद आहे: काळ्या कातड्याच्या बाह्या आणि हातमोजे. झालं! बाई मुळात काळी असेल तर काळे हातमोजे कशाला? काही अभ्यासक म्हणतात, ती एखादी गोरी सरदारकन्याच असेल, काळं सोंग घेतलेली. काही म्हणतात, ती एलनच. दोन्ही बाजूंकडे मुद्दे आहेत आणि वही हसत गप्प बसते.

वाद आणखी चिघळतो तो विल्यम डनबारमुळे. हा त्या दरबारचा मोठा कवी, राजाकडून तनखा घेणारा. त्याने नुकत्याच जहाजातून उतरलेल्या एका काळ्या स्त्रीवर कविता केली आणि तिचे ओठ, नाक, कातडी यांची यथेच्छ टिंगल केली. तिच्यासाठी लढणाऱ्यात जो जिंकेल त्याला तिचं चुंबन आणि जो हरेल त्याने ते तिच्या पार्श्वभागाचं घ्यायचं, असा त्यातला विनोद. दरबार खो खो हसला असणार. मला ते वाचून मात्र पोटात कसंतरी झालं. रेशमी झगा घालून मिरवणं आणि ही टवाळी एकाच राजवाड्यात, एकाच वेळी चालू होतं. कौतुक आणि थट्टा दोन्ही करणारे तेच होते.

तर हिशोब असा. वहीत एलनचे कपडे आहेत. कवितेत (ती तीच असेल तर) तिचा चेहरा आहे, तोही वाकडा काढलेला. एलन हे नाव बाप्तिस्म्याच्या वेळचं असणार आणि 'मोर' हे आडनाव नव्हे, नुसता वर्ण. आईने हाक मारायचं जे काही नाव होतं, ते कुठल्याच रकान्यात नाही. तिला काय वाटत होतं, हा रकानाच मुळी कोणी आखला नाही. ९ सप्टेंबर १५१३ ला फ्लॉडनच्या लढाईत राजा मारला गेला आणि स्पर्धा, ढग, मेजवान्या सगळंच आटोपलं.

सोमवारी मैत्रिणीला म्हटलं, "चुकलो. बाई खरी आहे." मग हळूच जोडलं, "पण कादंबरीत एक गोष्ट तरीही खटकते. सरदार लग्नाचं विचारतो आणि ती लगेच हो म्हणते. नाही म्हणायची सोय तिला होती का, हे कोणीच विचारत नाही."

ती म्हणाली, "मी ते पान दोनदा वाचलं होतं." आणि पुस्तक परत घेऊन गेली.