चेहऱ्याचे माप आणि माणसाचा निवाडा



काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकावर चेहरा पाहून हजेरी मांडणारे यंत्र बसले. पाळीवर येणाऱ्या बायका डोक्याला व तोंडाला फडके बांधून येत. फडके सोडून त्या यंत्रापुढे उभ्या राहिल्या, तरी त्यांतील काहींची हजेरी यंत्र धरीना, आणि महिनाअखेर त्यांच्या नावावर खाडे पडले. आम्ही तक्रार घेऊन गेलो तेव्हा उत्तर मिळाले : माणूस खोटे बोलेल, यंत्र बोलत नाही. खाडे पुढे भांडून परत मिळविले. पण ते वाक्य मनात रुतून बसले. यंत्र खोटे बोलत नाही हे मानले, तरी यंत्राला बोलावयास कोणी शिकविले हा प्रश्न उरतोच.

ते यंत्र 'ही अमकी तीच काय' एवढेच पाहत होते. त्याच कुळीची दुसरी यंत्रे चेहरा पाहून 'ही बाई, हा पुरुष' असा निवाडा देतात. अशा निवाड्याचा इतिहास आज मांडावयाचा आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढले शिकणे वाचनालयाच्या बाकावर झाले. तथापि मापाशी आमचा जन्माचा संबंध आहे. किती वार कापड निघाले यावर जिथे मजुरी ठरते, तिथे गजात खोट असली की पोटात खोट येते. म्हणून माप दिसले की तो गज कोणाचा, हे विचारण्याची आम्हाला खोड आहे.

यंत्र नवे असले तरी चेहरा मापण्याची हौस जुनी आहे. अठराव्या शतकात हॉलंडमधील पेट्रुस कॅम्पर या शरीरशास्त्रज्ञाने कपाळ व जबडा यांमधील कोन मोजण्याची रीत घातली. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी मेंदूच तराजूत घातले. २९२ पुरुषांच्या मेंदूंचे सरासरी वजन १३२५ ग्रॅम भरले आणि १४० स्त्रियांच्या मेंदूंचे ११४४ ग्रॅम. फरक १८१ ग्रॅमचा. आकडे खोटे नव्हते, मापणारा हात काटेकोर होता. परंतु पुरुषाची उंची अधिक, देह मोठा, हे ठाऊक असूनही ब्रोकांनी या फरकाचा एक वाटा स्त्रीच्या बुद्धीच्या उणेपणाकडे लावला. इथे नीट पाहा : तराजूने ग्रॅम सांगितले, बुद्धीचा निवाडा माणसाने दिला, आणि तो तराजूच्या नावावर खपला.

इटलीत चेझारे लोम्ब्रोझो यांनी हेच चेहऱ्यावर केले. गुल्येल्मो फेरेरो यांच्यासह त्यांनी १८९३ साली गुन्हेगार स्त्रियांवर ग्रंथ लिहिला. त्यात कवटी, जबडा, गालाची हाडे यांची मापे देऊन गुन्हेगार बाईच्या चेहऱ्यात पुरुषीपणा असतो असे प्रतिपादन आहे. म्हणजे जबडा रुंद असलेली बाई पुरती बाई नव्हे, आणि जी पुरती बाई नव्हे तिच्यावर संशय घ्यावा.

इंग्लंडातील फ्रान्सिस गाल्टन यांनी त्याच सुमारास निराळा प्रयोग केला. गुन्हेगारांची छायाचित्रे एकावर एक उमटवून गुन्हेगाराचा नमुनेदार चेहरा काढावा असा त्यांचा बेत होता. चेहरे मिसळले, आणि जो निघाला तो सुट्या चेहऱ्यांहून सौम्य, चारचौघांसारखा! सरासरीचा चेहरा कोणाचाच नसतो, हा धडा त्यात होता. तो फारसा कोणी घेतला नाही.

या मापांची झळ आपल्याही दाराशी आली. हर्बर्ट रिस्ले यांनी बंगालमध्ये नाकांची मापे घेऊन, नाक जितके रुंद तितका जातीचा दर्जा खाली, असा सिद्धांत १८९१ साली मांडला. हेच गृहस्थ पुढे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त झाले. त्यांच्या सिद्धांताची चिकित्सा मुंबई विद्यापीठातील गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली केली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकाच्या मापांचे तेच कोष्टक पुढे ठेवून, ब्राह्मण व अस्पृश्य हे निरनिराळ्या वंशांचे ठरत नाहीत हे दाखवून दिले. ज्या गजाने अपमान मोजला गेला, त्याच गजाने त्यांनी उत्तर दिले.

अशीच गोष्ट इरावती कर्वे यांची. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत शिकावयास गेल्या. गोऱ्या युरोपियनांची बुद्धी श्रेष्ठ, आणि ते त्यांच्या कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंच्या असमानतेत दिसते, अशी त्यांच्या गुरूची धारणा होती. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा व या असमानतेचा संबंध दिसत नाही असे प्रबंधात लिहिले. परक्या मुलखात, गुरूच्या मताविरुद्ध, पुण्याकडच्या एका तरुण बाईने हे लिहिले. म्हणून माप हेच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. प्रामाणिक माप गरिबाचा मित्र आहे.

आता यंत्राकडे येऊ. १९९० साली अमेरिकेत गोलोम, लॉरेन्स व सेनोव्स्की या तिघांनी चेहरा पाहून स्त्री-पुरुष ओळखणारे एक संगणकी जाळे तयार केले. चित्रे ९०, पुरुषांची ४५, स्त्रियांची ४५. सारे तरुण, दाढीमिशी, दागिने, रंगरंगोटी नाही. प्रत्येक चित्र आडवे ३० व उभे ३० अशा ९०० चौकटींत विभागले आणि चौकट किती काळी, किती पांढरी, एवढाच आकडा यंत्राला दिला. या ९०० आकड्यांचे सार ४० आकड्यांत काढावयाचे व त्यावरून उत्तर द्यावयाचे. उत्तर चुकले की आतल्या जोडण्या किंचित सैल किंवा घट्ट करावयाच्या, असे पुनःपुन्हा. नवा कामगार जसा मुकादमाचे बोलणे खात खात हात बसवितो, तसेच हे शिक्षण. अखेर न पाहिलेल्या चेहऱ्यांवर यंत्राच्या चुका शेकडा ८.१ झाल्या; तेच चेहरे पाहणाऱ्या माणसांच्या ११.६. यंत्राने माणसाला मागे टाकले! परंतु मुकादम कोण होता हे विसरू नये. 'ही बाई' हे अगोदर माणसानेच सांगितले होते.

मग फरक असतो तरी कुठे? १९९३ साली ब्रिटनमध्ये बर्टन, ब्रूस व डेंच यांनी १७९ चेहऱ्यांची मापे घेतली. केस झाकलेले असूनही माणसे शंभरांत ९६ वेळा बरोबर ओळखत. पुरुषाच्या भुवया सामान्यतः जाड व डोळ्याला लगटून असतात, नाक व भुवईचे हाड पुढे येते, जबडा रुंद असतो. वयात येताना शरीरात होणाऱ्या बदलांमुळे हे घडते. ते नाकारण्याचे कारण नाही. पण कोणतेही एक माप पुरेसे पडले नाही. १६ मापे एकत्र गुंफली तेव्हा कुठे अचूकता ९४ टक्क्यांवर गेली. कारण रुंद जबड्याच्या बाया असतात, निमुळत्या हनुवटीचे पुरुषही असतात. दोन रास शेजारी ओतल्या की कडा एकमेकींत मिसळतात, तसे हे आहे.

त्यातही निसर्गाचे किती आणि रिवाजाचे किती? २००९ साली अमेरिकेतील रिचर्ड रसेल यांनी दाखविले की डोळे-ओठ आणि भोवतालची त्वचा यांतील गडद-फिक्याचा फरक स्त्रियांत अधिक असतो. धड बाईचा नाही, धड पुरुषाचा नाही असा एकच चेहरा घेऊन हा फरक वाढविला तर तो बाईचा वाटतो, कमी केला तर पुरुषाचा. काजळ आणि ओठांचा रंग हेच तर करतात. २०१७ साली नोत्र दाम विद्यापीठातील संशोधकांनी याहून गंमत उघड केली. डोळ्याच्या बुबुळावरून स्त्री-पुरुष ओळखता येतो असा दावा पूर्वी झाला होता. त्यांनी पाहिले तो यंत्राच्या यशात बुबुळापेक्षा पापण्यांना लावलेल्या काळ्या रंगाचा मोठा हात! यंत्राला शरीर कळले नव्हते, शृंगार कळला होता. उद्या आपल्याकडची चित्रे देऊन यंत्र शिकविले आणि त्याने कपाळावरचे कुंकू तेवढे टिपले, तर विधवेला ते काय म्हणेल याचा विचार करावा.

आता मुख्य गोष्ट. जॉय बुओलाम्विनी ही घानाशी नाते सांगणारी अमेरिकन तरुणी. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत शिकत असताना तिला आढळले की चेहरा शोधणाऱ्या यंत्राला तिचा काळा चेहरा दिसत नाही. पांढरा मुखवटा चढविला की लगेच दिसतो. मग तिने व टिमनिट गेब्रू यांनी २०१८ साली मोठ्या कंपन्यांची यंत्रेच परीक्षेला बसविली. रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका, आइसलँड, फिनलंड व स्वीडन येथील १२७० संसद-सदस्यांचे चेहरे घेतले. एकूण अचूकता पाहिली तर मायक्रोसॉफ्टची ९३.७ टक्के, फेस प्लस प्लस या चिनी कंपनीची ९०, आयबीएमची ८७.९. दिसावयास ठीक. पण या दोघींनी सरासरी फोडली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत तिन्ही यंत्रांच्या चुका शेकडा ०.८ च्या वर गेल्या नाहीत. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत त्या ३४.७ पर्यंत चढल्या. दर तीन काळ्या स्त्रियांमागे एकीला यंत्र पुरुष म्हणत होते, आणि त्या तर आपापल्या देशाचे कायदे करणाऱ्या बाया!

कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला हे ओळखीचे वाटावे. मालक सरासरी वेतन सांगतो. ते ऐकून स्वस्थ बसावयाचे नसते. बायांना किती, कायम किती, कंत्राटी किती, असे फोडून विचारावयाचे असते. अन्याय सरासरीच्या पोटात झोपलेला असतो. या दोघींनी केले ते वेतनपत्रक फोडून वाचण्याचेच काम होय. त्याचे फळही मिळाले. २०१९ साली फेरतपासणी झाली, तेव्हा त्या तिन्ही कंपन्यांच्या काळ्या स्त्रियांबाबतच्या चुका १७.७ पासून ३०.४ टक्के-अंकांपर्यंत उतरल्या होत्या. म्हणजे दोष देवाघरचा नव्हता. कोणी विचारीत नव्हते म्हणून तो राहिला होता.

पुढे पावले पडली ती आणखी वेगळी. २०२० च्या फेब्रुवारीत गूगलने आपल्या चित्र वाचणाऱ्या सेवेतून पुरुष, स्त्री ही लेबले काढून 'व्यक्ती' एवढेच ठेवले. दिसण्यावरून ते ठरविता येत नाही असे कारण दिले. २०२२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनेही चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष, वय व भावना सांगणारी सोय बंद करण्याचे जाहीर केले. कारण चुका कमी केल्या तरी एक प्रश्न शिल्लकच होता. यंत्राजवळ कप्पे दोन. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या एप्रिलमध्ये तृतीयपंथीयांना मान्यता देताना, आपण कोण हे ज्याचे त्याने सांगावयाचे, असे ठरविले. अशा माणसाला दोन कप्प्यांचे यंत्र कुठे ठेवणार? तिथे यंत्राची चूक शेकडा अमुक असे म्हणताच येत नाही. विचारण्याऐवजी मापले हीच चूक.

युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा २०२४ साली झाला, आणि त्यातील बंदीची कलमे २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. शरीराच्या मापांवरून माणसाचा वंश, राजकीय मत, धर्मश्रद्धा किंवा लैंगिक कल ताडणाऱ्या यंत्रांना त्यात मनाई आहे. त्या यादीत आणखी एक गोष्ट वाचून आम्ही थबकलो : कामगार संघटनेचे सभासदत्व. चेहरा पाहून 'हा युनियनचा' असे ठरवू पाहणारे कोणी निघेल, ही शंका कायदा करणाऱ्यांना आली. लोम्ब्रोझोचा इतिहास ठाऊक असलेल्याला ती अवास्तव वाटणार नाही. स्त्री की पुरुष हे ताडणे मात्र त्या बंदीच्या यादीत नाही.

तेव्हा यंत्र फोडावे असे आमचे म्हणणे नाही. गिरणीत माग आले तेव्हाही माग फोडून प्रश्न सुटला नव्हता. पण जे यंत्र माणसाबद्दल निवाडा देते, त्याला तीन गोष्टी विचारण्याचा हक्क त्या माणसाला हवा : कोणाचे चेहरे दाखवून तुला शिकविले, कोणाच्या बाबतीत तू अधिक चुकतोस, आणि तू चुकलास तर दाद कोणाकडे मागावयाची? पहिल्या दोहोंची उत्तरे शास्त्रज्ञांनी द्यावीत. तिसऱ्याचे उत्तर संघटनेनेच मिळवावे लागते.

सुरुवातीला सांगितलेल्या कारखान्यात आम्ही तेवढेच मागितले. यंत्र राहिले, आणि त्याच्या शेजारी टेबलावर जुने मस्टरही परत आले. यंत्राने चेहरा धरला नाही तर बाई मस्टरवर सही करते, पहारेकरी वेळ लिहितो, आणि ती कामावर जाते. त्या दिवसाचा खाडा पडत नाही.