माळ्यावरच्या कॅसेट आणि हरवलेला ‘सावकारी पाश’

परवा माळा आवरताना माझ्या केबल बातम्यांच्या काळातल्या दहा-बारा मिनी डीव्ही कॅसेट सापडल्या. २००३ च्या दुष्काळातली चारा छावणी, बैलबाजार, पाण्याच्या टँकरभोवतीची भांडणं. तीन-चार कॅसेटना बुरशी लागलेली. बायको म्हणाली, “अहो, टाका की आता.” टाकणारच होतो. पण कोल्हापूर आठवलं.

१९२५ साली बाबूराव पेंटरांनी तिथं ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा ना. ह. आपटे यांची. सावकाराच्या कर्जात जमीन घालवून शहरात गिरणीची वाट धरणारा शेतकरी! ती भूमिका केली होती तरुण व्ही. शांताराम यांनी. देवादिकांच्या सिनेमांच्या जमान्यात आपल्या शेतकऱ्याचं खरं जिणं पडद्यावर आलं.

आज तो मूकपट बघायला मिळत नाही. एकही प्रत उरली नाही. त्यावर लिहिलेलं वाचायचं, बस्स.

असं का झालं? त्या काळची फिल्म नायट्रेटची. पटकन पेट घ्यायची, नीट नाही ठेवली तर कुजायची. शिवाय तिच्यात चांदी असायची. खेळ संपले की रिळं चांदी काढायला भंगारात जायची. जपून ठेवायची जागाच नव्हती. ‘राजा हरिश्चंद्र’ लागला ३ मे १९१३ ला आणि पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ साली. मधे ५१ वर्षं गेली! पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) सुद्धा तेवढ्यात गेला.

जे वाचलं ते पी. के. नायर यांच्यासारख्या माणसांमुळे. संग्रहालयासाठी त्यांनी जुनी रिळं शोधत देश पालथा घातला. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) आज बघता येतो, तो अशाच धडपडीमुळे. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) शिल्लक आहे, म्हणून दुर्गाबाई खोटे तेव्हा मराठी कशी बोलायच्या हे आजच्या विद्यार्थ्याला कानांनी ऐकता येतं. पुस्तकात शब्द मिळतात हो, आवाज कुठून आणणार?

सावकारीवर सरकारी कागद ढीगभर आहेत. पण १९२५ च्या माणसांनी पडद्यावर उभं केलेलं ते घर, तो चेहरा, ती चालण्याची ढब? ते कायमचं गेलं.

आता आपल्या तालुक्याचं बघा. जुन्या केबलवाल्यांच्या, फोटो स्टुडिओवाल्यांच्या कपाटात यात्रा आहेत, महापूर आहेत, मोर्चे आहेत. उद्या कुणी दुष्काळावर अभ्यास करायला बसलं, तर त्याला कागद मिळेल. छावणीत जनावराजवळ रात्र काढणारी म्हातारी मिळणार नाही. ती माझ्या कॅसेटमध्ये आहे. बुरशी लागलेल्या.

म्हणून विनंती. टाकू नका. कॅसेटवर गाव, साल, प्रसंग लिहा. कोरड्या जागी ठेवा. जमेल तेवढ्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि एक प्रत कॉलेजच्या किंवा गावच्या वाचनालयात द्या. मी माझ्यापासून सुरुवात करतोय.

तुमच्या माळ्यावर काय आहे? सांगा.