जुनापाणीचे धोंडे



परवा नातवाला घेऊन नागपूरजवळच्या जुनापाणीला गेलो. काटोल रस्त्याने थोडेच अंतर. माळावर मोठाल्या धोंड्यांची वर्तुळे, मध्ये मातीचा उंचवटा. अशी सुमारे ३०० वर्तुळे इथे आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतली काही खणली. ही लोहयुगातली दफने, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. मृतासोबत लोखंडी हत्यारे, मडकी ठेवीत. कधी घोडाही पुरीत. जवळच्या माहूरझरीला तर घोड्याच्या तोंडावरचा तांब्याचा साज सापडला.

आमच्या शेताच्या धुऱ्यावर असेच धोंडे होते. वडिलांनी ते माळावरच्या एका वर्तुळातून बैलगाडीने आणलेले. पुढे मी ३० वर्षे इतिहास शिकवला, पण त्या धुऱ्याकडे कधी नीट पाहिले नाही.

हे सांगितल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, म्हणजे आपण कुणाची तरी समाधी मोडली?"

मला उत्तर सुचले नाही. वडिलांना माहीत नव्हते. मला माहीत असायला हवे होते. आता शेतही विकले गेले, ते धोंडे परत कुठून नेऊन ठेवू? तुमच्या धुऱ्यावर असतील तर एकदा बघून या.

असो.