पाचारण (ख्रिस्ती धर्म)

पाचारण ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत संकल्पना आहे. देव माणसाला नावानिशी बोलावतो आणि त्या बोलावण्याला दिलेला होकार प्रामुख्याने इतरांच्या सेवेतून प्रकट होतो, असा तिचा आशय आहे. मराठी बायबलमध्ये रूढ असलेल्या या शब्दामागे ग्रीक भाषेतील ‘क्लेसिस’ हा शब्द आहे. मंडळीसाठी वापरला जाणारा ‘एक्लेसिया’ हा ग्रीक शब्दही त्याच धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ बोलावून एकत्र आणलेले लोक असा होतो. व्यवहारात पाचारण म्हणजे पाळक, धर्मगुरू किंवा व्रतस्थ भगिनी होणे, असा संकुचित अर्थ घेतला जातो. तो अपुरा आहे.

बायबलमधील आधार

जुन्या करारातील पाचारणाच्या कथांमध्ये होकार क्वचितच सहज मिळतो. मोशे आपल्या बोलण्यातील अडखळण्याची सबब सांगतो, तर योना उलट दिशेच्या जहाजात बसतो. बालक शमुवेलाची कथा या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. रात्री हाक ऐकून तो तीनदा वृद्ध याजक एलीकडे धावतो. ही हाक देवाची आहे हे प्रथम एलीच्या ध्यानात येते, शमुवेलाच्या नव्हे. पाचारणाची पारख एकट्याने न करता जाणत्यांच्या साहाय्याने करावी, या परंपरेचा आधार म्हणून ही कथा सांगितली जाते. नव्या करारात येशू मासे धरणाऱ्या कोळ्यांना बोलावतो, शिष्यांचे पाय धुतो आणि आपण सेवा करून घेण्यास नव्हे तर सेवा करण्यास आलो असल्याचे सांगतो (मार्क १०:४५). मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्या, परक्या, आजारी व बंदिवान माणसाची केलेली सेवा ही प्रत्यक्ष ख्रिस्ताचीच सेवा मानली आहे.

अर्थाचा विस्तार

मध्ययुगीन युरोपात पाचारण हा शब्द मुख्यतः मठवासी जीवनाशी जोडला गेला होता. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी त्यास विरोध केला. शेतकरी, चांभार किंवा घर सांभाळणारी आई यांचे कामही शेजाऱ्याच्या हिताचे असल्याने ते पाचारणच होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६४ साली पवित्रतेचे पाचारण सर्व श्रद्धावंतांना असल्याचे स्पष्ट केले. मदर तेरेसा मुळात व्रतस्थ भगिनी व शिक्षिका होत्या. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या रेल्वेप्रवासात गरिबांमध्ये राहून काम करण्याची जी प्रेरणा त्यांना झाली, तिला त्या पाचारणाअंतर्गत पाचारण म्हणत.

महाराष्ट्रातील उदाहरणे

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी तरुणपणीच दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गमावली होती. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलेले सर्व सिद्धान्त निमूटपणे स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. संस्थेतील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते, या आरोपावरून १८९३ मध्ये वादळ उठले, सल्लागार मंडळातील मान्यवर बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या व निराधार मुली आणि विधवांना घेऊन आल्या. केडगाव येथील मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले.

नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची झळ पत्नी लक्ष्मीबाईंना अधिक बसली. काही वर्षे दोघे विभक्त राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतः विचारपूर्वक ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथनात एकाने ऐकलेल्या हाकेची किंमत घरातील दुसऱ्यालाही कशी मोजावी लागते, हे विनोदाच्या अंगाने आले आहे. पाचारणावरील धर्मशास्त्रीय ग्रंथांत ही बाजू सहसा आढळत नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने ती फारशी रुजली नाही.

वैद्यकीय सेवेत मिरजेचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे, तर अलीकडच्या काळात वसईतील धर्मगुरू व लेखक फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांचे कार्य उल्लेखनीय आहे. दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीचे नेतृत्व केले.

टीका

सेवा आणि धर्मांतर यांचा संबंध हा जुना वाद आहे. महात्मा गांधींनी मिशनऱ्यांच्या सेवाकार्याचा आदर केला, पण धर्मांतराच्या हेतूने केलेल्या सेवेस विरोध दर्शवला. मध्य प्रदेश शासनाने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात मिशनऱ्यांच्या शाळा व दवाखान्यांवर याच मुद्द्यावरून कठोर टीका केली. ख्रिस्ती संघटनांनी तो अहवाल एकांगी ठरवला.

खानदेशात

पूर्व खानदेशात भुसावळ हे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनचे एक केंद्र होते. पश्चिम खानदेशातील आदिवासी भागात स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनने काम केले. फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये अमेरिकेत ही संस्था स्थापन केली होती. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय आज इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ही भारतीय संस्था चालवते.

मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) परिसरात संत मुक्ताबाईंची परंपरा प्रबळ आहे. लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना मुक्ताबाईंनी घातलेली साद ‘ताटीच्या अभंगां’त आहे. तिचे धर्मशास्त्र वेगळे असल्याने तिला ख्रिस्ती अर्थाने पाचारण म्हणता येत नाही. मात्र टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग हाच छंद निवडला आणि आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत टिळकांची पदे अजूनही गायली जातात.