त्रेचाळिसावा हिस्सा

मोटारगाडीशी माझा संबंध वाहनकर्जाच्या अर्जापुरता. गेली वीस वर्षं मी बँकेत लोकांच्या गाड्यांचे कागद तपासतो. गाडीची किंमत, तिचा घसारा आणि तिचा हप्ता या तीन गोष्टी मला झोपेतही कळतात. स्टिअरिंगला मात्र आजवर हात लावलेला नाही. अशा माणसाने मोटारींचा इतिहास लिहायला घ्यावा म्हणजे आगाऊपणाच. पण हा इतिहास वीतभरसुद्धा लांब नसलेल्या मोटारींचा आहे. त्यांत इंजिन नाही. जे आहे ते सगळं कॉस्ट अकाउंटिंग, आणि तिथे आम्ही बी.कॉम. आहोत.

हा संसर्ग मला आमच्या शाखेतल्या रोखपालांकडून झाला. हे गृहस्थ दिवसभर नोटा मोजतात आणि रात्री जेवणं झाली की रेझिनच्या मोटारी जोडतात. एकदा घरी बोलावून त्यांनी काचेच्या कपाटातली एक निळी गाडी माझ्या तळहातावर ठेवली.

"जपून हं. जगात अशा तीसेक असतील."

"एवढ्या कमी का?" मी विचारलं. या साध्या प्रश्नाचं उत्तर रात्री साडेअकरापर्यंत चाललं. त्याचा गोषवारा असा.

मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी लिव्हरपूलचे. त्यांच्या कारखान्यात खेळण्यातल्या आगगाड्या होत. १९३३ साली, स्टेशनबाहेर उभ्या करायला बऱ्या म्हणून, त्यांनी छोट्या मोटारी काढल्या. म्हणजे मोटार ही मुळात आगगाडीच्या लग्नातली करवली. पण लोक नवरी सोडून करवलीकडेच बघायला लागले. १९३४ साली तिचं डिंकी टॉइज असं नामकरण झालं.

मापही आगगाडीचंच. ब्रिटिशांनी या खेळण्यांसाठी खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर धरले होते. एका बाजूला फूट, दुसऱ्या बाजूला मिलिमीटर! ज्यांनी आपल्याकडे शेर आणि पौंड एकाच बाजारात नांदवले त्यांनाच हे सुचणार. ३०४.८ भागिले ७ केले की साडेत्रेचाळीस येतात. वरचा अर्धा कुठे गेला ते मला विचारू नका. आमच्या बँकेत असे अर्धे रोज जातात. एकास त्रेचाळीस हेच माप पुढे युरोपभर अशा मोटारींना चिकटलं. आपली अँबॅसेडर सव्वाचार मीटरहून थोडी जास्त. त्रेचाळिसाने भागा, दहा सेंटिमीटर. चेकबुकाहून आखूड.

डिंकी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव. त्या जस्तात शिशाची भेसळ झाली की धातू आतून किडतो. आधी फुगतो, मग तडकतो, आणि एक दिवस कपाटात बसल्या जागी गाडीचा चुरा होतो. महायुद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी अशा गेल्या. कुणी पाडल्या नाहीत, कुणी हात लावला नाही. घसारा हा शब्द मी हजारदा लिहिला असेन, डोळ्यांनी पाहिला तो रोखपालांच्या एका डबीत. चुरा त्यांनी टाकलेला नाही. वर चिठ्ठी आहे : "डिंकी, युद्धपूर्व." अस्थिकलशाला असते तशी.

युद्धानंतर प्रतिस्पर्धी आले. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीला शाळेत फक्त काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची मुभा होती. बापाने तेवढा रोडरोलर करून दिला, आणि त्यातून १९५३ साली मॅचबॉक्स निघाली. १९५६ साली कॉर्गी आली, ती खिडक्यांना प्लॅस्टिकच्या काचा लावून. तोवर डिंकीच्या मोटारी बिनकाचांच्या होत्या आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. पण शेजाऱ्याने पडदे शिवले की आपल्या घरात जे संभाषण होतं, ते लिव्हरपूललाही झालं असणार. १९६५ साली कॉर्गीने जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन काढली, छपरातून माणूस उडवणारी. ती लाखांनी खपली. डिंकीचा कारखाना १९७९ साली बंद पडला.

त्याआधीच, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याला आले होते. 'निकी टॉइज' या नावाने तिथे जग्वार आणि एमजी ओतल्या जाऊ लागल्या. बाहेर रस्त्यावर अँबॅसेडर धावतेय आणि पोराच्या हातात जग्वार! का? तर साचा जग्वारचा होता.

इथे आमचं बी.कॉम. जागं होतं. पोलादी साचा हा फिक्स्ड कॉस्ट. तो वसूल व्हायचा तर हजारोंनी नग खपले पाहिजेत, आणि हजारोंनी खपते ती सगळ्यांना ठाऊक असलेलीच गाडी. जिंकलेली, गाजलेली, सिनेमात गेलेली. म्हणजे कुठली मोटार नातवंडांच्या हातात पडायची हे इतिहासकार ठरवत नाहीत. ब्रेक-इव्हन पॉइंट ठरवतो.

हा हिशेब मोडला तो घरच्या घरी काम करणाऱ्या माणसांनी. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये काही जण कथिल-शिशाचा मऊ धातू रबरी साच्यात ओतून मोटारींचे सुटे भाग विकू लागले. मग फ्रेंचांनी रेझिन उचललं. प्रोव्हान्स मुलाज, स्टार्टर ही नावं आमचे रोखपाल अष्टविनायकाच्या चालीवर घेतात. कृती अशी : एक गाडी हाताने कोरायची. तिच्यावर सिलिकॉन रबर ओतायचं, की झाला साचा. दोन द्रव एकत्र करून त्यात ओतायचे. काही मिनिटांत कडक. पंचवीस-तीस गाड्या निघाल्या की साचा फाटायला लागतो. पण त्याचा खर्च एका पगारात बसतो. तीस खपल्या की फिटलं. आणि जगात कुठल्याही गोष्टीला तीस वेडे मिळतातच.

या सोयीचं फ्रेंचांनी काय करावं? ल मांला १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होते. पन्नासेक गाड्या सुटतात, पहिली येते एक. तिच्या प्रतिकृती सगळेच करत. यांनी वाटेत बंद पडलेल्याही केल्या, त्याच वर्षीच्या रंगात, त्याच नंबरासह.

"मग हिचं काय झालं होतं?" मी तळहातावरच्या निळ्या गाडीकडे बघत विचारलं.

"गिअरबॉक्स गेला," रोखपाल म्हणाले, आणि त्यांनी हातरुमालाने तिचं छप्पर पुसलं. हा माणूस एकवीस वर्षं एकाच काउंटरवर आहे. मला हसू आलं नाही.

अशी गाडी मिळवणं हे वेगळंच प्रकरण. करणारा म्हातारा झालेला, साचा फाटलेला, आणि उरलेला एक डबा परदेशातल्या कुणा संग्राहकाच्या माळ्यावर. पत्रापत्री चालते ती स्थळ बघितल्यासारखी. पार्सल फोडावं तर आत कणकेच्या रंगाची एक वडी, धातूची चार चाकं, वर्खासारख्या पत्र्यात कोरलेली जाळी आणि काचांसाठी प्लॅस्टिकचा पापुद्रा. वर पेच असा, की न जोडलेल्या डब्याला किंमत जास्त. जोडायला घेणं म्हणजे मुदतीआधी ठेव मोडणं. रोखपाल सगळ्या मोडतात. वडी साबणाने धुवायची, नाहीतर साच्याच्या तेलामुळे रंग धरत नाही. हवेच्या बुडबुड्यांची भोकं बुजवायची, पाण्यातला पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर, मग स्प्रे. वहिनींचं म्हणणं एवढंच, की घराच्या भिंतींना सात वर्षं रंग नाही.

सध्या त्यांच्या टेबलावर परदेशी काही नाही. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्या पेपरांत फोटो आले. तिची आठवण ठेवायला माणसं आहेत. पण इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची मीरा किती जणांना ठाऊक आहे? या माणसाने १९४९ साली छोट्या मोटारीचा पहिला नमुना बनवला, पुढे वीस वर्षं ती सुधारत राहिला, पण मोठ्या प्रमाणावर ती कधी निघाली नाही. पोलादी साच्याच्या वहीत तिचं खातंच उघडणार नाही.

रोखपाल ती कोरताहेत. एका जुन्या फोटोत गाडीशेजारी एक माणूस उभा आहे. त्याची उंची साडेपाच फूट धरून सगळी मापं काढली आहेत. तो बुटका निघाला तर गाडी पुन्हा कोरावी लागेल. आतापर्यंत सात जणांनी नावं दिली आहेत. आठवं माझं. ॲडव्हान्स मात्र मागू नका म्हटलंय, महिनाअखेर आहे.